शाळा बदलली तरी ‘अपार’ सोबत, पण नाव जुळलं तर!

रबाळे एमआयडीसीतल्या कामगाराचं काम सुटलं की घर बदलतं आणि महापालिकेच्या शाळेतलं त्याचं मूलही दुसऱ्या शाळेत जातं. अशा मुलासाठीच ‘अपार’ हा 12 अंकी आयडी खरा कामाचा, कारण शैक्षणिक नोंद त्याच्यासोबत जाते. गोची वेगळीच आहे. आयडी बनताना यूडायस प्लसमधलं नाव, जन्मतारीख, लिंग आधारशी जुळावं लागतं. शाळेत ‘पूजा’, आधारवर ‘पूजा कुमारी’, की अडलं! आम्ही कोडवाले ‘मिसमॅच’ दाखवून मोकळे होतो. दुरुस्तीच्या हेलपाट्यात रोजंदारीवरच्या बापाचा खाडा पडतो. त्यापेक्षा आधार दुरुस्तीचं शिबिर शाळेतच भरवा. आणि अपारसाठी पालकांची संमती लागते, त्यामुळे फॉर्म वाचूनच सही करा.