खिशातली वही

"एमआयएस गेला का?" हा प्रश्न आपल्याकडच्या कचेऱ्यांत रोज सकाळी दहाच्या सुमारास ऐकू येतो. "वाचला का?" हा प्रश्न मी तरी अजून ऐकलेला नाही. मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम म्हणजे धंद्यातल्या व्यवहारांच्या नोंदी गोळा करून, त्यातून निर्णयाला लागेल तेवढं गाळून, ते वेळेवर हाती देणारी व्यवस्था. हा मूळ अर्थ घसरत घसरत एका एक्सेल फाइलवर येऊन थांबला आहे. ती तयार करणाऱ्या मुलाचं पदच 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह'. तो रात्री जागून तीस रकाने भरतो, लाल-हिरवे रंग देतो, पाठवतो आणि दुसऱ्या दिवसाच्या तयारीला लागतो.

हसून सोडून द्यावं, तर या पापात माझाही वाटा आहे. काही वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरसाठी स्क्रीन आखून देण्याचं काम माझ्याकडे होतं. कोणता सुटा भाग कुठल्या रॅकवर, किती नग शिल्लक, किती दिवस पुरतील, सगळं एका जागी. मालक खूश झाले. सहा महिन्यांनी गेलो, तर स्टोअरकीपर शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढून, तीत बघून माल देत होता. सिस्टिममध्ये बेअरिंगचे 140 नग, वहीत 22. मी चिडून विचारलं, तर म्हणाला, "साहेब, कॉम्प्युटरमधला स्टॉक वरच्या साहेबांसाठी. हा मशिनसाठी."

माणूस लबाड नव्हता. रात्रपाळीला मशीन बंद पडलं की माल आधी द्यावा लागे. चिठ्ठी सकाळी येई, कधी येतच नसे. सिस्टिम मात्र चिठ्ठीशिवाय माल बाहेर सोडत नसे. ती शिस्त मीच घातली होती आणि 'माल दिला, चिठ्ठी यायची आहे' असा रकाना ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. त्यामुळे खरा स्टॉक खिशात राहिला, खरेदी खातं खोट्या स्टॉकवर विसंबून निवांत बसलं.

माहिती प्रणालीमुळे धंद्यातले निर्णय सुधारतात का, यावर आपल्याकडे दोन पक्ष तावातावाने भांडतात. जुने धंदेवाले म्हणतात, धंदा गल्ल्यावर बसून कळतो, त्याला कॉम्प्युटर कशाला? सॉफ्टवेअर विकणारे म्हणतात, सगळा डेटा एका डॅशबोर्डवर आणा, निर्णय आपोआप सुधारतील. मला दोघेही चुकलेले दिसतात.

जुन्या पक्षाचं म्हणणं टाकाऊ नाही, म्हणून आधी त्याचंच घेऊ. आजोबांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं, एक रिपोर्ट न काढता, असं ते सांगतात. आजोबांनी रिपोर्ट काढला नाही हे मात्र खोटं आहे. रात्री दुकान बंद करताना रोजमेळ जुळेपर्यंत ते जेवायला उठत नसत. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान असे. उधारीचं पान उलटलं की दिवाळीपासून कोण फिरकलेलं नाही ते दिसे, आणि त्याचा माल थांबवायचा की सुगी येईपर्यंत सांभाळून घ्यायचं, हे तिथल्या तिथे ठरे. याहून चोख माहिती प्रणाली मी पाहिलेली नाही. ज्याला आपण आजोबांचं नाक म्हणतो, ते चाळीस वर्षांच्या नोंदींनी तयार झालेलं होतं.

मराठी माणसाने तर या विषयाकडे परका म्हणून पाहूच नये. शिवकाळात जमाखर्च पाहणारा मुजुमदार आणि रोजच्या घडामोडी टिपणारा वाकनीस अष्टप्रधानांत बसत होते. पेशवाईत फडणिसाच्या दफ्तरातून गेल्याशिवाय मोठा खर्च पुढे सरकत नसे. आज आपल्या टेलिफोन डिरेक्टरीतली निम्मी भारदस्त आडनावं (फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस, दफ्तरदार) माहिती खात्यातली पदंच आहेत, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

मग आजोबांची वही अचूक का होती? लिहिणारा आणि ठरवणारा एकच होता म्हणून. चुकीची नोंद झाली तर त्याच रात्री त्यांचेच पैसे कमी भरत. दुसरं दुकान उघडलं, नोकराने नोंद करायची आणि मालकाने ठरवायचं अशी फाळणी झाली, की नाकाची हद्द संपते. तिथे व्यवस्था लागतेच. 'आम्हाला गरज नाही' म्हणणारे दुकानदार साधारण तिसऱ्या दुकानापर्यंत म्हणतात. चौथ्याला भाच्याने किती माल घरी नेला ते कळत नाही.

आता दुसरा पक्ष. अधिक माहिती म्हणजे अधिक चांगला निर्णय, हे त्याचं मुख्य सूत्र. हे सूत्र 1967 सालीच मोडीत निघालं होतं. रसेल ॲकॉफ या अमेरिकी अभ्यासकाने 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात तेव्हा एक लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यातच 'इन्फर्मेशन'च्या जागी 'मिसइन्फर्मेशन' घातलं. त्याचा मुद्दा असा, की व्यवस्थापकाला कामाची माहिती कमी पडते यापेक्षा बिनकामाची माहिती उतू जाते, हा रोग मोठा आहे. व्यवस्थापकाला काय हवं ते विचारा आणि द्या, यावरही त्याचा विश्वास नव्हता. कारण आपण निर्णय कसा घेतो हे ज्याला नीट माहीत नसतं, तो घाबरून सगळंच मागतो. तीस रकान्यांची फाइल अशीच जन्माला येते. व्यवस्थापकाला यंत्रणा फक्त वापरता आली की पुरे, ती आतून कशी चालते हे कळायची गरज नाही, ही समजूतही त्याने खोडून काढली होती. लेखाला साठाच्या घरात वर्षं झाली, तरी विक्रेत्यांची माहितीपत्रकं तो छापलाच नव्हता अशा थाटात निघतात.

ज्यांना जुना लेख नको, ताजं उदाहरण हवं, त्यांनी टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीचा कॅनडातला कारभार पाहावा. 2013 च्या मार्चमध्ये पहिली दुकानं उघडली, संख्या 133 पर्यंत गेली आणि 2015 च्या जानेवारीत कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. साडेसतरा हजारांवर नोकऱ्या गेल्या. पैशाची ददात नव्हती आणि संगणक प्रणाली नवी कोरी, नावाजलेल्या एसएपीची होती. तिच्यात हजारो वस्तूंची माहिती घाईघाईने, नवख्या लोकांकडून भरून घेतली गेली. इंच आणि सेंटिमीटरची सरमिसळ झाली, लांबीच्या जागी रुंदी पडली. वखारी तुडुंब आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या, असा विचित्र देखावा उभा राहिला. पुढे कॅनडातल्या पत्रकारितेने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. मालाची आपोआप भरपाई करणारा एक स्विच प्रणालीत होता. तो बंद केला की ती वस्तू 'संपली' असं रिपोर्टात दिसत नसे. काही कर्मचारी तो बंद करून ठेवत. आकडे सुधारत, फळी रिकामीच राही.

यावर वरच्या खुर्चीतून येणारं ठरलेलं उत्तर असतं: लोक चोर आहेत, म्हणून नियंत्रण आणखी घट्ट करा. मी नेमकं उलटं म्हणतो. नोंद करणाऱ्याच्या वाट्याला नोंदीतून फक्त जाब येणार असेल, तर तो जाब टळेल अशीच नोंद करणार. तुम्ही-आम्हीही तेच करू. त्या स्विचवाल्याला आणि माझ्या स्टोअरकीपरला त्यांच्या व्यवस्थेने कामात कणभर मदत केली नव्हती. फरक इतकाच, की माझ्या माणसाने निदान एक खरी वही ठेवली.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. माहिती भरणाऱ्याला ती प्रणाली परत काय देते? काहीच देत नसेल, तर वरच्या मजल्यावरचे आलेख कितीही देखणे असोत, त्यावर निर्णय घेऊ नये. ही कसोटी माझ्या डोक्यातून आलेली हवा नव्हे. धंद्यासाठी वापरलेला जगातला अगदी पहिला संगणक या कसोटीला उतरला होता.

लंडनची जे. लायन्स ही कंपनी केक, आइस्क्रीम आणि स्वस्त चहागृहांसाठी प्रसिद्ध होती. केंब्रिज विद्यापीठात तयार होत असलेल्या संगणकाला पैशांची मदत करून तिने त्या धर्तीवर स्वतःचं यंत्र बांधलं, नाव ठेवलं लिओ, आणि 1951 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या बेकरीच्या साप्ताहिक उत्पादनाचा हिशेब त्यावर सुरू केला. केक विकणाऱ्यांनी संगणक बांधावा याचं लोकांना अजून नवल वाटतं. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. जॉन सिमन्स या गणितात शिकलेल्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने या कंपनीत 1930 च्या दशकापासूनच एक स्वतंत्र कचेरी होती, तिचं काम एकच: कोणता कागद कोणासाठी निघतो, का निघतो, आणि तो बंद केला तर काय अडेल, हे तपासत राहणं. यंत्र आलं तेव्हा प्रश्न तयार होते. आपण यंत्र आधी घेतो आणि त्याला काय विचारायचं याची समिती नंतर नेमतो.

1954 साली चहागृहांना रोजचा माल पाठवण्याचं काम लिओवर आलं. प्रत्येक चहागृहाची प्रत्येक वाराची ठरीव मागणी यंत्राकडे आधीच असे. लायन्सच्या कचेरीतून चहागृहाच्या व्यवस्थापिकेला ठरल्या वेळी फोन जाई. तिने फक्त फरक सांगायचा. उद्या चार डझन पाव जास्त, केक दोन ट्रे कमी. ती बोलत असतानाच कारकून कार्डावर भोकं पाडी आणि त्यावरून भटारखान्याच्या आणि माल लादण्याच्या याद्या छापून निघत. पूर्वी अख्खी यादी भरत बसणाऱ्या बाईंचं काम दोन मिनिटांवर आलं. बदल्यात त्यांना मिळे दुसऱ्या दिवशी दारात येणारा नेमका माल. खोटं सांगून त्यांचं काय भलं होणार होतं? उरलेले केक त्यांच्याच फळीवर सुकले असते. आणि शेजारच्या रस्त्यावर उद्या गर्दी होणार आहे का, हे यंत्राला कधीच कळणार नव्हतं. ते ठरवणं बाईंकडेच राहिलं.

लिओची वंशावळ इथे सांगायलाच हवी, कारण ती विदारक आहे. 1963 मध्ये लायन्सची लिओ कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये मिसळली आणि 1968 मध्ये ते घराणं आयसीएल या कंपनीत विलीन झालं. ब्रिटनच्या पोस्टांत 1999 पासून बसवलेली होरायझन ही हिशेबाची प्रणाली याच आयसीएलची, पुढे जपानी फुजित्सूची. छोट्या दुकानात पोस्टाची खिडकी चालवणाऱ्या माणसांना होरायझन दाखवी, की तुमच्या गल्ल्यात इतके हजार पौंड कमी आहेत. कराराप्रमाणे तूट त्यांनी भरायची. आकडा मान्य नाही असं नोंदवायची सोय स्क्रीनवर नव्हती; मान्य केल्याशिवाय पुढचा हिशेब उघडत नसे. प्रणालीत चुका आहेत हे 2019 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगेपर्यंत नऊशेवर लोकांवर खटले होऊन गेले होते. काहींनी तुरुंग पाहिला, कित्येकांची घरं गेली. शेवटी 2024 मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. 'कॉम्प्युटर खोटं बोलत नाही' या भाबड्या वाक्याची ही किंमत. एकाच घराण्यात चहागृहाच्या बाईंना फरक सांगायला फोन होता आणि पोस्टाच्या खिडकीवरच्या माणसाला 'नाही' म्हणायला बटण नव्हतं. माझा राहून गेलेला रकाना त्याच जातीचा होता. माझ्या कारखान्यात तुरुंग नव्हता, एवढंच माझं नशीब.

"हे सगळं मोठ्या कंपन्यांचं, आमचं काय?" असं म्हणणाऱ्याने गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी जाऊन उभं राहावं. कॅन ओतला की शेतकऱ्याच्या हाती चिठ्ठी येते: लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून सांगतात. त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. चिठ्ठी असल्यामुळे मापाची वादावादी कमी झाली, हे खरं आणि चांगलं. पण पेंड बदलल्यावर फॅट वाढलं का, हे ठरवायला त्याला मागचे तीस दिवस शेजारी शेजारी लागतात. ते केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये असतात, दूध संघाला दिसतात, दूध पावडरीचं नियोजन त्यांवर होतं. शेतकऱ्याकडे उरतो तो शाई उडत चाललेला कागद. त्याच चिठ्ठीच्या तळाला गेल्या दहा दिवसांची सरासरी छापायला जास्तीची दोन ओळींची जागा लागेल. पुष्कळ ठिकाणी ती छापलेली नसते. गोठ्यात निर्णय होतात हे आराखडा करणाऱ्याला सुचलेलं नसतं.

तुमच्या हाताखाली अशी एखादी प्रणाली असेल, तर एक करून पाहा. पुढच्या सोमवारपासून दहा वाजताचा रिपोर्ट आठवडाभर पाठवू नका, आणि कोणाचा फोन येतो याची वाट पाहा. कोणाचाच आला नाही, तर तो कायमचा बंद करा. मग खाली स्टोअरमध्ये जा, खिशातली वही मागून घ्या, आणि तिच्यात असे कोणते रकाने आहेत जे तुमच्या स्क्रीनवर नाहीत, ते उतरवून आणा.