चक्कर पित्ताची की मेंदूची?

चक्कर आली की आपल्याकडे पहिला संशय पित्तावर जातो, मग उन्हावर, मग अशक्तपणावर. एक इंजेक्शन, एक सलाईन आणि रुग्ण घरी. बहुतेकदा ते निभावतेही. कूस बदलताना काही सेकंद सगळे गरगरते, ती चक्कर बहुधा कानातून आलेली असते आणि जिवावर बेतत नाही. पण अचानक सुरू होऊन तासन्‌तास न थांबणारी, उलट्या करायला लावणारी, आधाराशिवाय उभेही राहू न देणारी चक्कर लहान मेंदूच्या पक्षाघाताची असू शकते.

हा पक्षाघात फसवा असतो. लहान मेंदू शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला तरी अनेकदा तोंड वाकडे होत नाही, हातापायांतले बळही जात नाही. त्यामुळे घरच्यांच्या मनात लकव्याची शंकाच येत नाही. पहिल्या काही तासांत सीटी स्कॅनही बऱ्याचदा ‘नॉर्मल’ येतो.

अशा वेळी डोळे पाहावे लागतात. डावीकडे पाहताना बुबुळे डावीकडे आणि उजवीकडे पाहताना उजवीकडे झटके देत असतील, ती वर-खाली थरथरत असतील किंवा एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर दिसत असेल, तर दोष मेंदूत असण्याची शक्यता मोठी. चक्कर सुरू असतानाच करायच्या या तपासणीला ‘हिंट्स’ म्हणतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, १०१ रुग्णांमध्ये तज्ज्ञांनी केलेली ही तपासणी सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही सरस ठरली. तिला यंत्र लागत नाही, मात्र प्रशिक्षित नजर लागते.

बीडसाठी हा मुद्दा कळीचा आहे. जिल्ह्यातले लाखो ऊसतोड मजूर हंगामात महिनोन्‌महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात. तिथे ‘ऊन लागले’ म्हणून दिवस काढला जातो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मात्र साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. उशीर झाला, तर सुजलेला लहान मेंदू शेजारच्या मेंदूस्तंभावर दाब आणून श्वासही थांबवू शकतो.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना ही तपासणी शिकवली गेली, तर कुणाला तातडीने पुढे पाठवायचे हे गावातच ठरेल.

घरच्यांनी इतके करावे: चक्कर कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. बोलणे अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असेल, चालताना झोकांड्या जात असतील किंवा रक्तदाब-मधुमेह असलेल्याची चक्कर थांबतच नसेल, तर १०८ ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठावे.