खडक सर्वांचा, छायाचित्रही सर्वांचे



पापडीहून वसई रोड स्थानक फार दूर नाही. तेथून लोकलने अंधेरीला उतरा आणि पश्चिमेकडे जा. घरांच्या आणि इमारतींच्या गर्दीत एक काळा, उंच, सरळसोट खडक उभा दिसेल. त्याचे नाव गिल्बर्ट हिल. त्याची उंची सुमारे ६१ मीटर, म्हणजे जवळजवळ २०० फूट आहे. लांबून पाहिले तर कोणीतरी दगडी खांब एकमेकांना चिकटवून ठेवले आहेत, असे वाटते.

हे खांब माणसाने उभे केलेले नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त लाव्हारस वर आला. महाराष्ट्राचा फार मोठा भाग याच लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. तो थंड होताना आकसला. तळ्यातला चिखल वाळताना त्याला भेगा पडतात, तशा त्याला भेगा पडल्या आणि त्या खोल खोल जात राहिल्या. त्या भेगांमुळे पाच-सहा बाजूंचे खांब तयार झाले. या खडकाला बेसॉल्ट म्हणतात. आपण त्यालाच काळा दगड किंवा काळा पत्थर म्हणतो.

आता एक प्रश्न विचारतो. हा खडक तुमच्यापैकी किती जणांनी चित्रात पाहिला आहे?

दुसरा प्रश्न. चंद्रावरच्या जमिनीचे चित्र किती जणांनी पाहिले आहे? या प्रश्नाला बहुतेक सगळे हात वर करतील. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा तेथे काढलेली छायाचित्रे आज जगभरच्या पुस्तकांत दिसतात. गंमत अशी, की तो जेथे उतरला तेथला खडकही बेसॉल्टच होता. चंद्र आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरांहून दूर आहे. तेथला काळा दगड आपल्या ओळखीचा आहे, आणि लोकलच्या वाटेवरचा काळा दगड मात्र अनोळखी आहे. असे का व्हावे?

याचे एक कारण अगदी साधे आहे. अमेरिकेच्या सरकारी खात्यांनी काढलेल्या छायाचित्रांवर त्या देशात सहसा स्वामित्वहक्क नसतो. म्हणून ती कोणीही छापू शकतो. शिक्षक ती भिंतीवर लावू शकतो आणि छोटा प्रकाशकही ती पुस्तकात घेऊ शकतो. आपल्या खडकांची छायाचित्रे कमी निघतात असे नाही. आज घरोघरी मोबाइल आहे. पण ती छायाचित्रे ज्याच्या त्याच्या खिशातच राहतात. माझे मत असे आहे, की डोंगर, कडे आणि खडक यांची छायाचित्रे ज्याला शक्य आहे त्याने सर्वांच्या उपयोगासाठी खुली करावीत, आणि ही सवय शाळेच्या वयातच लागावी.

यासाठी आधी कायदा थोडा समजून घ्या. ‘हक्क’ हा शब्द तर तुमच्या घरचाच आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे छायाचित्र काढताच त्यावर काढणाऱ्याचा स्वामित्वहक्क येतो. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. २०१२ मध्ये या कायद्यात बदल झाला. तेव्हापासून हा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. समजा, पंधरा वर्षांच्या मुलीने आज एका कड्याचे छायाचित्र काढले आणि ती पंचाहत्तर वर्षे जगली. मग ते छायाचित्र सुमारे १२० वर्षे कुलपात राहील. तिला तसे नको असेल तर तिने ‘हे कोणीही वापरावे’ असे जाहीर सांगावे लागते. कुलपाची किल्ली तिच्याच हातात आहे.

काही जण म्हणतील, ‘आम्ही तर छायाचित्रे रोज सगळ्यांना पाठवतो.’ पण व्हॉट्सॲपवर पाठवणे आणि सार्वजनिक उपयोगासाठी देणे यांत फरक आहे. तेथे छायाचित्र दहा हातांतून जाते. ते कोणी काढले, कोठे काढले, केव्हा काढले, हे वाटेत गळून पडते. कधी एका डोंगराचे चित्र दुसऱ्याच गावाच्या नावावर फिरू लागते. अशा चित्राचा पुस्तकाला किंवा अभ्यासकाला काय उपयोग?

खरी देणगी द्यायची असेल तर साधने आहेत. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेने परवान्यांचे नमुने तयार केले आहेत. ‘वापरा, पण माझे नाव लिहा’ असा एक परवाना त्यांत आहे. ‘विकिमीडिया कॉमन्स’ या २००४ मध्ये सुरू झालेल्या भांडारात अशी खुली छायाचित्रे नाव, ठिकाण आणि तारखेसह ठेवता येतात. आपल्या शिक्षकांच्या किंवा पालकांच्या मदतीने तुम्ही हे काम करू शकता.

हे सर्व कशासाठी करायचे? कारण खडक कायमचा टिकतो, ही आपली समजूत खरी नाही. झाड तोडले तर दुसरे लावता येते. फोडलेला कडा पुन्हा उगवत नाही. गिल्बर्ट हिलला सरकारने १९५२ मध्ये संरक्षण दिले. तरीही भोवतालचा दगड खाणींसाठी फोडला गेला. २००७ मध्ये मुंबई महानगरपालिकेने त्याला वारसास्थळाचा दर्जा दिला, तेव्हा त्या ठिकाणी मधला एक सुळकाच उरला होता. आपल्या तालुक्यातही पूर्वेकडच्या टेकड्यांत दगडाच्या खाणी चालतात. घरे आणि रस्ते बांधायला दगड लागतो, हे खरे आहे. पण फोडण्यापूर्वी ती टेकडी कशी होती, हे पुढच्या पिढीला कोण दाखवणार?

आपल्या शेजारचेच उदाहरण पाहा. सोपारा हे प्राचीन बंदर होते. सम्राट अशोकाने दगडांवर कोरवलेल्या चौदा लेखांपैकी आठव्या लेखाचा तुकडा तेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये पापडीजवळच्या भुईगावात सापडला. दोन लेखांचे हे दोन तुकडे हाती आले, बाकीचे काय झाले ते दगडच जाणे. त्या काळी कॅमेरा नव्हता, म्हणून कोणाला दोष देता येत नाही. आज कॅमेरा आहे. आता मात्र दोष आपला असेल.

चित्राची एकच प्रत ठेवण्यात किती धोका आहे, हेही इतिहास सांगतो. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्याच्या लेण्यांत राहून तेथल्या चित्रांच्या मोठ्या नकला रंगवल्या. त्या लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. याच गिलने लेण्यांची छायाचित्रेही काढली होती. ती १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, प्रती अनेक ठिकाणी गेल्या, आणि म्हणून ती आजही पाहायला मिळतात. जे एका भिंतीवर होते ते गेले. जे अनेकांच्या हाती गेले ते राहिले.

यावर एक आक्षेप असा घेतला जाईल : ‘डोंगर चढलो आम्ही, ऊन सोसले आम्ही. मग आमची मेहनत फुकट का द्यावी?’ हा आक्षेप चुकीचा नाही. छायाचित्रणावर ज्याचे पोट आहे, त्याने आपले दाम जरूर घ्यावेत. कोणावर सक्ती नसावी. पण आपल्यापैकी बहुतेकांना ते छायाचित्र विकायचे नसते. ते नुसते पडून असते. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोई असते, तिला तुम्ही सबील म्हणता. पाणी पिणाऱ्याचे नाव तेथे कोणी विचारत नाही आणि पाणी ठेवणाराही गरीब होत नाही. छायाचित्र तर पाण्याहूनही सोपे आहे. हजारांनी घेतले तरी ते संपत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. छायाचित्र पाहून लोक गर्दी करतात, खडकांवर नावे कोरतात, कचरा टाकतात. हे होते, यात शंका नाही. म्हणून नाजूक जागेचा नेमका पत्ता जाहीर करू नये. जंगलात वनखात्याचे नियम पाळावेत. तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे, हे विसरू नये. खाणीच्या कडेला किंवा पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्याजवळ छायाचित्रासाठी जाऊ नये. तेथे माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. कोणतेही चित्र जिवापेक्षा मोठे नाही.

छायाचित्र उपयोगी व्हावे म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात. खडकाशेजारी पट्टी किंवा पेन ठेवावे, म्हणजे आकार कळतो. गावाचे नाव, तारीख आणि आपण कोणत्या दिशेला पाहत होतो, ते लिहावे. रंग उगाच भडक करू नयेत. शक्य असेल तर पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा छायाचित्र काढावे. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. मे आणि जून महिन्यांतील उपग्रहांची चित्रे शेजारी ठेवताच हा बदल साऱ्या जगाला दिसला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. तारखेसह काढलेले साधे चित्रही असे साक्षीदार होते.

आणि एक काम तुम्हीच अधिक चांगले करू शकता. तुम्हांला उर्दू येते आणि मराठीही येते. छायाचित्राखाली दोन्ही भाषांत दोन-दोन ओळी लिहा. मग तो खडक मालेगावच्या मुलाला कळेल, भिवंडीच्या मुलीला कळेल आणि साताऱ्याच्या शिक्षकालाही कळेल. नुसते चित्र मुके असते. त्याला बोलते करण्यासाठी भाषा लागते, आणि तुमच्याकडे तर दोन भाषा आहेत.

मित्रांनो, डोंगर कोणाच्या बापजाद्यांनी घडवलेला नाही. तो आपल्याला आयता मिळाला आहे. जे आयते मिळाले त्याचे निदान चित्र तरी आपण कुलपात ठेवू नये. पुढच्या वेळी एखाद्या कड्यासमोर उभे राहाल, तेव्हा छायाचित्र जरूर काढा. मग खाली नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि त्याच्यापुढे आणखी तीन शब्द लिहा : ‘हे सर्वांनी वापरावे.’

स्वाध्याय

१. गिल्बर्ट हिलचे खांब कसे तयार झाले, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. ‘जे एका भिंतीवर होते ते गेले. जे अनेकांच्या हाती गेले ते राहिले.’ या वाक्यांचा अर्थ उदाहरण देऊन सांगा.
३. छायाचित्रे सर्वांना खुली करण्यावर कोणते दोन आक्षेप घेतले जातात? तुम्हांला त्यांपैकी कोणता पटतो? का?
४. तुमच्या परिसरातील एखाद्या टेकडीचे किंवा खडकाचे वर्णन मराठीत पाच ओळींत लिहा. त्याखाली तेच उर्दूत लिहा.