वयाचा दाखला

गुन्हा घडला त्या दिवशी ज्याला अठरा वर्षे पूर्ण झाली नव्हती, तो बाल न्याय अधिनियम, 2015 अन्वये ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ठरतो आणि त्याची चौकशी एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक यांच्या बाल न्याय मंडळापुढे चालते. परंतु 1982 साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीच्या दक्षिण भागात हा सारा डोलारा ज्या जन्मतारखेवर उभा आहे, तिचाच पत्ता पुष्कळदा लागत नाही. कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास पंचायतीची वा पालिकेची जन्मनोंद आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी, असा क्रम आहे. भामरागड-एटापल्लीकडे घरीच जन्मलेल्या माडिया आदिवासी मुलाची नोंद सापडेलच असे नाही, आणि आश्रमशाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने घातलेली 1 जून असू शकते. उरते ती चाचणी. तिच्यात दोन्हीकडे दोन वर्षांचा फरक संभवतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच नोंदवले आहे. म्हणजे अहवालातला एकोणीस वर्षांचा तरुण सतराचाही असू शकतो आणि निरीक्षणगृह की तुरुंग, याचा निकाल त्या फरकावर लागतो.

पुण्यातील कल्याणीनगर अपघातानंतर 2024 मध्ये मोटार चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा कायदा फारच मवाळ असल्याची ओरड झाली. तेथे मुलाचे वय कोणाला हुडकावे लागले नव्हते, एवढे मात्र खरे.

गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी कोवळ्या वयात दलममध्ये, म्हणजे सशस्त्र तुकडीत, ओढलेल्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. अशा भरतीसाठी कलम 83 मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, पण भरती झालेला पोरगा पंचविशीत पकडला गेला वा शरण आला की त्याचे चौदावे वर्ष कोणी मोजत नाही. 15 ऑक्टोबर 2025 रोजी नक्षलवादी नेता भूपतीने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली, याचे स्वागतच आहे; तथापि शरण आलेल्यांवरील प्रत्येक जुन्या गुन्ह्याच्या तारखेला त्यांचे वय काय होते, हेही तपासले गेले पाहिजे. कलम 9 नुसार हा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, अंतिम निकालानंतरही, मांडता येतो. पुण्यातील 1994 च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला आरोपी गुन्ह्याच्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता, हे मान्य होऊन तो सुटला 2023 मध्ये, अठ्ठावीस वर्षे तुरुंगात काढल्यावर.

ताब्यात घेतलेल्या बालकाला चोवीस तासांत मंडळापुढे हजर करण्याच्या नियमातून प्रवासाचा वेळ वगळलेला आहे. सिरोंचा ते गडचिरोली अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद, हे पाहता ही सवलत किती ताणली जाऊ शकते हे उघड आहे. मंडळाने अहेरी-भामरागडला ठरावीक दिवशी बैठका घ्याव्यात, कायद्याने देऊ केलेला दुभाषी माडिया जाणणारा असावा आणि वयाचा निर्णय आरोपपत्रापूर्वीच व्हावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा करावा लागत नाही.