सनदेपलीकडची उमेद

बेळगावच्या कॅम्पातील जुन्या बंगल्यांची खचलेली कौले आणि फाटकांच्या दगडी खांबांवरील पुसट झालेली नावे पाहिली म्हणजे, 1818 साली इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने येथील किल्ला सर केल्यावर ज्यांचा अंमल येथे बसला, त्यांनाही आपली हुकमत अक्षय्यच वाटत असेल, या विचाराने मन खिन्न होते. आणि उतारवयात, मुले दूरच्या शहरांत स्थिरावल्यावर, ही खिन्नता इमारतींपुरती राहत नाही.

अशा वेळी मला बाबा पदमनजींचा फार आधार वाटतो. 1831 साली ते याच बेळगावात एका कासार कुटुंबात जन्मले, येथील मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईस गेले, आणि 1854 साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी या एका कृतीची किंमत काय होती, याची कल्पना आज सहजी येत नाही. जात सुटली की पंगत सुटे, सोयरीक तुटे, जन्मघराचा उंबरठा परका होई. म्हणजे जे माणसाला न मागता मिळते, आणि म्हणूनच जे कायमचे वाटते, नेमके तेच सोडून या तरुणाने आपली सारी भिस्त ईश्वराच्या प्रीतीवर ठेवली. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र या मनोमंथनाची साक्ष देते.

तथापि, ईश्वराच्या प्रीतीवर विसंबलेली ही आशा केवळ स्वतःच्या सांत्वनापुरती असती, तर तिच्याविषयी मला एवढा आदर वाटला नसता. 1856 साली सरकारने विधवाविवाहाचा कायदा मंजूर केला, आणि दुसऱ्याच वर्षी बाबांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पतीसमवेत प्रवास करताना ठिकठिकाणच्या विधवांच्या हालअपेष्टा पाहणारी यमुना अखेर स्वतःच विधवा होते. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे काही उरलेच नव्हते, त्यांच्या दुःखाकडे बाबांची दृष्टी वळली, हे मला त्यांच्या श्रद्धेचे सर्वांत खरे प्रमाण वाटते. ज्याला प्रीती लाभली, त्याला परक्याचे अश्रू परके राहत नाहीत.

कायद्याने पुनर्विवाहाची मुभा दिली होती. परंतु एकदा सर्वस्व हिरावले गेल्यावर पुन्हा संसार मांडण्याची उमेद कोणत्याही सरकारी फर्मानाने मिळत नसते. बाबांनी यमुनेला ती उमेद ख्रिस्तावरील विश्वासात दिली, आणि तिचा पुनर्विवाह लावूनच कथा संपविली.