दोन अर्तुगरुल

परवा सातवीच्या वर्गात मी दोन प्रश्न विचारले. पहिला : अर्तुगरुलच्या कबिल्याचे नाव काय? वर्ग एका सुरात ओरडला, ‘कायी!’ दुसरा : 1948 च्या सप्टेंबरात तुमचे परदादा, परनाना कुठे होते? एकही हात वर झाला नाही. एक मुलगा हळूच म्हणाला, ‘सर, ते कुठल्या सीझनमध्ये आहे?’

वर्ग हसला. मला हसू आले नाही.

मुलांना मी दोष देत नाही. खोटे कशाला बोलू, ही मालिका मीही पाहिली आहे. तुर्कस्तानच्या सरकारी टीआरटी वाहिनीवर ती 2014 ते 2019 अशी चालली. टाळेबंदीत उर्दू डबिंग मोबाईलवर आले आणि आमच्या मोहल्ल्यात रात्री दोन-दोनपर्यंत तलवारी खणखणू लागल्या. पण खऱ्या अर्तुगरुलबद्दल इतिहासाला फारच थोडे ठाऊक आहे. उस्मानच्या नाण्यावर बाप म्हणून त्याचे नाव आहे, हा त्यातला भक्कम पुरावा. बाकीचे शेकडो तास लेखकांच्या कल्पनेचे. करमणूक म्हणून ठीक. आपण मात्र तिला इतिहास समजून बसलो.

माझा आक्षेप वेगळाच आहे. तुर्कस्तानकडून घ्यायचेच होते, तर आपण एवढेच का घेतले? तिथे सबाहत्तिन एयुबोलू नावाचे प्राध्यापक होऊन गेले. विद्यापीठात शिकवता शिकवता त्यांनी माहितीपट काढले. त्यांच्या हित्ती संस्कृतीवरच्या माहितीपटाला 1956 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. सुहा आरिन यांनी 1970 च्या दशकात साफ्रानबोलू या जुन्या लाकडी घरांच्या गावावर माहितीपट केला. लोकांचे लक्ष गावाकडे वळले, वाडे वाचवण्याची चळवळ जोर धरू लागली आणि 1994 मध्ये गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आता आपला कंधारचा किल्ला, औसा, उदगीर आठवा. तिथल्या फारसी शिलालेखांसमोर आपली मुले सेल्फी काढतात. ते वाचून कॅमेऱ्यासमोर समजावणारा एक तरी आपण घडवला का?

आमचे काही बुजुर्ग म्हणतात, ‘सर, तस्वीर बनवणे जायज नाही.’ मसला मुफ्तींचा आहे, मी त्यात पडत नाही. पण बनवणे नाजायज आणि रात्रभर पाहणे जायज, हा कुठला हिशेब? शिवाय टोंगुच याशार या तुर्की कलावंताने 1970 च्या सुमारास एक छोटा ॲनिमेशनपट केला. त्यात खत्तातीतल्या अक्षरांचेच जहाज होते आणि ‘वाव’ ही अक्षरे वल्ही मारत होती. मी उर्दू शिकवतो. अलिफ, नून, वाव रोज फळ्यावर काढतो. ती चालू शकतात, हे मला कोणी सांगितले नव्हते.

दुसरी हरकत पोटाची. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात पोराला नीट सोडून फिल्मला कोण घालणार? मान्य. पण हे काही परक्यांचे क्षेत्र नाही. फाळके नाशिकचे. मूकपटाच्या जमान्यातच त्यांनी आगकाड्या पडद्यावर नाचवल्या. भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटले जाणारे राम मोहन मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडले. मालेगावच्या यंत्रमाग कामगारांचे सिनेमावेड फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’मधून जगाला दाखवले. पुण्यात एफटीआयआय आहे, नांदेडच्या विद्यापीठात माध्यमशास्त्र शिकवले जाते. आपल्या किती घरांत यांपैकी एकाचे तरी नाव निघते?

तिसरी हरकत खरी आहे : भीती. ‘जुन्या जखमा कशाला उकरता?’ पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात जे घडले त्याची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदवले. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. मृतांचा तिचा अंदाज 27 ते 40 हजारांचा. अहवाल कित्येक दशके बंद राहिला. पण त्याआधी रझाकारांनी गावोगाव जे केले तेही तितकेच खरे आहे आणि त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील होता. माहितीपट करायचा तर दोन्ही सांगावे लागेल. फक्त आपले रडगाणे गायचे असेल तर कॅमेरा हातात घेऊच नये. सतरा सप्टेंबरला झेंडा फडकतो, मीही सलाम करतो. त्या झेंड्याखाली दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचे बोलणे ऐकू आले तर झेंड्याची इज्जत कमी होत नाही.

आता दुसऱ्या अर्तुगरुलची गोष्ट. हा तलवारवाला नाही. अर्तुगरुल माविओलू हा पत्रकार. चायान देमिरेल यांच्यासोबत त्याने कुर्दी बंडखोरांच्या छावण्यांवर ‘बाकुर’ हा माहितीपट केला. 2015 मध्ये इस्तंबूल महोत्सवातला त्याचा खेळ रद्द झाला. निषेध म्हणून कित्येक दिग्दर्शकांनी आपले चित्रपट मागे घेतले. 2019 मध्ये न्यायालयाने दोघांना साडेचार वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांचे मत पटो न पटो, ज्या देशात घोड्यावरच्या अर्तुगरुलला सरकारी पैसा मिळतो, तिथेच कॅमेरावाल्या अर्तुगरुलला कोर्टाची पायरी चढावी लागते. आपण पोस्टर कोणाचे लावले?

माझी नानी लातूरची. त्या दिवसांत एका मराठा शेतकऱ्याने तिला कडब्याच्या गंजीत लपवले होते. त्याचे नाव ती प्रत्येक वेळी दुआत घ्यायची. मी बीएड केले, शेकडो मुलांना मुलाखत कशी घ्यायची ते शिकवले, पण नानीची एक मिनिटाची नोंद माझ्याकडे नाही. ती गेली आणि ते नाव मला आता आठवत नाही. तो शेतकरीही माझ्या आळसामुळे दुसऱ्यांदा मेला.

म्हणून या सुट्टीत वर्गाला मी एकच गृहपाठ दिला आहे. ज्या फोनवर मालिका पाहता, तोच फोन घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर ठेवा. घरात कोणी नसेल तर शेजारच्या आजोबांसमोर ठेवा, मग ते राम राम म्हणोत की सलाम. नाव विचारा, गाव विचारा, आणि गप्प बसून ऐका.