चे गेव्हाराचा हिशेब

कामगार बंधूंनो, चेचा फोटो छातीवर मिरवता, मग त्याचा हिशेबही ऐका. अमेरिकन पत्रकार जॉन ली अँडरसनने १९९७ साली त्याचं जाडजूड चरित्र छापलं. त्यात शिव्या नाहीत, आरतीही नाही. चेच्याच डायरीवरून तो दाखवतो, की फेब्रुवारी १९५७ मध्ये फितूर शेतकरी युतिमियो गेर्रा याला चेनेच पिस्तुलानं उडवलं. १९५९ साली हवानाच्या ला काबान्या किल्ल्यात त्याच्या हुकमतीखाली रात्री खटला नि पहाटेआधी गोळी! बतिस्ताचे जल्लाद होते म्हणाल. पुष्कळ होतेही. पण हा कसला न्याय? एका माणसाला बिनचौकशी काढलं म्हणून आपण साचे बंद पाडलेत. ९ ऑक्टोबर १९६७ ला बोलिव्हियाच्या लष्करानं पकडलेल्या चेला खटल्याविनाच गोळ्या घातल्या, त्याला आपण खूनच म्हणतो ना?